फळा, दोन खडू आणि झडती

तुझा प्रश्न मिळाला. तू लिहितोस, "काका, तुमच्या दुकानापुढचा फळा येता-जाता वाचतो. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर तसाच सुरू करायचा आहे. मोबाइलवर दिवसभर एवढं येतं, त्यातलं लिहावं काय? आणि घडामोडींवर तिरकस लिहिलं की लोक अंगावर येतात. ते तुम्ही कसं निभावता?"

निभावतो असं नाही, दोनदा निभलंच नव्हतं. एकदा रात्रीतून कोणीतरी फळा शेणाने सारवून गेलं. दुसऱ्यांदा चूक माझीच होती, ती पुढे सांगतो. शेणाचं मनावर घेऊ नकोस. एवढ्या रात्री उठून, शेण कालवून यायचं म्हणजे त्या माणसाने फळा नीट वाचलाच असणार.

माझं दुकान तुला माहीत आहे. सातबारा, ई-केवायसी, पीक विमा, दाखले. दिवसभर जालावरच असतो आणि त्यातला निम्मा वेळ सर्व्हरची वाट पाहण्यात जातो. त्या वेळात जे सापडतं ते फळ्यावर जातं. गेली अकरा वर्षं हे चालू आहे. फळा चार बाय तीन फुटांचा, शेजारी पानठेला. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटून होईपर्यंत माणूस तिथे दोन-तीन मिनिटं उभा राहतो. तेवढाच वेळ तो माझा वाचक. म्हणून पाचच्या वर ओळी लिहायच्या नाहीत आणि दिवसाला एकच गोष्ट. दोन लिहिल्या की लोक दोन्ही अर्ध्या वाचतात आणि संध्याकाळी पारावर त्यांची एकच तिसरी गोष्ट झालेली असते.

आता खडूचं ऐक, बाकी सगळं यावरच उभं आहे. जे सापडलं ते पांढऱ्या खडूने, खाली कुठे सापडलं आणि कोणत्या तारखेचं तेही पांढऱ्याने. माझं स्वतःचं म्हणणं एका ओळीत पिवळ्याने. पांढऱ्यात माझं मत नाही आणि पिवळ्यात नवी माहिती नाही. सुरुवातीला हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आता पोरंसुद्धा विचारतात, "आज पिवळं काय म्हनते?" ज्याला पिवळं पटत नाही तो पांढरं वाचून जातो, भांडायला येत नाही. आला तरी पिवळ्याशी भांडतो. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

निवडायचं काय? दिल्लीत कोण कोणाला काय म्हणालं हे टीव्हीवाले घसा फाडून सांगतात, त्यात आपल्या खडूची भर नको. मी एवढंच पाहतो की या बातमीचा एखादा धागा आपल्या बांधापर्यंत येतो का. कधी धागा सरळ असतो. वीज कुठे पडते आहे ते दाखवणारं 'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे. मृगाच्या तोंडावर दरवर्षी ते मी फळ्यावर लिहितो आणि त्या दिवशी पिवळा खडू बाजूला ठेवतो. कधी धागा शोधावा लागतो. आणि कधी तो वरून पडतो.

खरंच पडला होता. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी आठच्या आत-बाहेर आभाळातून जळत्या रेघा गेल्या, अर्ध्या विदर्भाने पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं, बंडीच्या चाकाहून मोठं. रात्री दहापर्यंत माझ्या मोबाइलवर विमान पडलं होतं, उल्का पडली होती, क्षेपणास्त्र पडलं होतं आणि परग्रहवासी उतरले होते. सकाळी लोक दुकान उघडायच्या आधी फळ्यापाशी हजर. आता काय लिहायचं? कडं पडलं एवढंच पक्कं होतं. तेवढंच पांढऱ्याने लिहिलं आणि खाली पिवळ्याने: "सापडलेली वस्तू. मालकाने ओळख पटवून घेऊन जावी."

पुढे जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाचं म्हणणं सापडलं. उपग्रह कोणते, रॉकेटचे तुकडे कुठे, याचा हिशेब हा गृहस्थ वर्षानुवर्षं ठेवतो. त्याच्या मते तो चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा टप्पा होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला, वर्षभर फिरून खाली आलेला. मग लिहिलं: "पाडव्याला आपण गुढी उभारली, चीनकडून कडं आलं. साडीचोळी बाकी आहे." त्या आठवड्यात मराठी शाळेच्या पोरांनी मला एवढे प्रश्न विचारले, की रॉकेटला टप्पे कशाला असतात हे मलाच शिकावं लागलं. पहिल्या रात्री मी "क्षेपणास्त्र" लिहिलं असतं तर गर्दी दुप्पट झाली असती, आणि तिसऱ्या दिवसानंतर माझ्या फळ्याला कोणी विचारलं नसतं.

दुसरी एक गोष्ट दुकानातल्या संगणकावरच दाखवली होती. गूगल अर्थवर 'टाइमलॅप्स' आहे. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं त्यात वर्षागणिक पुढे सरकतात. आपलं गाव शोधणं सगळ्यांनाच आवडतं, ते झालं की मी भंडाऱ्याकडे नेतो, गोसीखुर्द धरणावर. आधी वैनगंगेची बारीक रेघ, बरीच वर्षं नुसती रेघच, मग एका टप्प्यावर निळा डाग पसरायला लागतो. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. एक म्हातारे गृहस्थ पीएम किसानच्या केवायसीला आले होते. अंगठा काही लागत नव्हता. तेवढ्यात त्यांनी सदतीस-अडतीस वर्षं मिनिटभरात पाहिली आणि म्हणाले, "मंग कालवे कुठी हाय?" त्या दिवशीची पिवळी ओळ त्यांनीच लिहून दिली म्हण: "पाणी उपग्रहाला दिसलं, शेवटच्या वावराला दिसायचं आहे."

खरं-खोटं कसं पाहायचं, हे तू विचारलं नाहीस. पण खरी मेहनत तिथेच आहे.

२०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे पेंचच्या नावाने एक व्हिडिओ फिरला. रात्रीची वेळ, झिंगलेला माणूस रस्त्यात वाघाच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि बाटली त्याच्या तोंडाशी नेतो. दुकानात सहा जण होते, सहाही जणांना खरा वाटला. पानठेलेवाला तेवढा म्हणाला, "वाघ पेत नाही हे खरं. पन पेताड आपली बाटली दुसऱ्याले देते काय?" कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला व्हिडिओ ओळखण्याची यापेक्षा बरी कसोटी मला अजून सापडलेली नाही. तो तसाच बनवलेला होता. पुढे काहीच दिवसांनी ब्रह्मपुरीच्या नावाने दुसरा आला, वनविभागाच्या विश्रामगृहासमोरून वाघ माणसाला ओढून नेतो असा. तोही बनावट असल्याचं वनविभागाने सांगितलं. पहिल्यावर मी पिवळं लिहिलं, दुसऱ्यावर नाही. त्या भागात माणसं खरोखर वाघाच्या तोंडी जातात. सरपणाला, मोहफुलांना गेलेली बाई घरी येत नाही. तिथे खोट्या वाघावर विनोद केला तर तो खऱ्या मयतावर जाऊन पडतो. त्या दिवशी फक्त पांढरं लिहिलं: "व्हिडिओ खोटा आहे. पुढे पाठवू नका. जंगलाच्या कडेला एकटं जाऊ नका."

व्हिडिओ आला की आधी शेवटपर्यंत बघ, आणि शेवट तुटका वाटला तर मूळ शोध. हे मी एका गोष्टीवरून शिकलो. दोन मोटारसायकलवाले गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात, तो व्हिडिओ तुला आठवत असेल, २०१८ च्या उन्हाळ्यात घराघरात होता. तो भारतातला नव्हताच. कराचीच्या एका संस्थेने जनजागृतीसाठी तो बनवला होता, आणि मूळ चित्रफितीत शेवटी ते दोघं परत येतात, पोर खाली ठेवतात आणि फलक दाखवतात. तो शेवटचा तुकडा कोणीतरी कापला. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या त्या अफवांच्या काळात १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारून टाकलं. बाजाराचा दिवस होता. आपल्याकडेही डवरी येतात, सुगीत येतात, आपण सुपात धान्य घालतो. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढे २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपाला एकावेळी एकच. दोन बाणांची खूण दिसली की आपल्या आधी तो निरोप बऱ्याच हातांतून आला आहे एवढं समजायचं.

अर्धं खरं असतं ते जास्त त्रास देतं. आपल्याच शकुंतलेचं, त्या छोट्या रेल्वेगाडीचं बघ. दरवर्षी १५ ऑगस्टला निरोप येतो की यवतमाळ-मूर्तिजापूरची रेल्वे अजून इंग्रजांच्या मालकीची असून सरकार त्यांना भाडं भरतं. यात खरं पुष्कळ आहे. नॅरोगेज, कापसासाठी टाकलेला मार्ग, खाजगी कंपनीचा, देश स्वतंत्र झाल्यावरही सरकारने ताब्यात न घेतलेला. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं, दारव्ह्याला मी स्वतः त्याचा कोळसा डोळ्यात घेतला आहे. पण त्या रेल्वेच्या मागे असलेली किलिक निक्सन ही इंग्रज व्यापाऱ्यांनी १८५७ मध्ये मुंबईत काढलेली कंपनी. तिची मालकी केव्हाच भारतीय हातांत आली. आणि निरोपात 'आजही धावते' म्हणतात ती गाडी बंद होऊन वर्षं झाली, रुळांमध्ये बाभळी उगवल्या आहेत. हे सगळं पाच ओळींत मावलं नाही, म्हणून तीन दिवस हप्त्याने लिहिलं. तिसऱ्या दिवशीचं पिवळं: "इंग्रज गेले, गाडी गेली, निरोप मात्र वेळेवर येतो."

आता माझी चूक.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापूस १२ हजारांच्या पुढे गेला होता. त्या वर्षी ज्याने आधीच विकला होता तो हळहळला. पुढच्या हंगामात सगळ्यांनीच कापूस घरात भरला. डिसेंबरात मला एक स्क्रीनशॉट आला: क्विंटलला १२ हजारांवर, बाजार समितीच्या नावासकट. तारीख कापलेली होती. मला ते दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसलं होतं, पण बातमी हवीहवीशी होती. पांढऱ्याने लिहिली. वर पिवळ्याने शहाणपणाही केला: "घाई करील तो पस्तावेल."

माझ्या घरामागे राहणाऱ्या शेजाऱ्याकडे २२ क्विंटल होता. व्यापारी साडेआठ हजारांपर्यंत देत होता. तो फळा वाचून थांबला. संक्रांत गेली, होळी गेली. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, घरची माणसं ओसरीत झोपायची. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, त्यावर मलम आणलं, कापसाचं वजनही घटलं. जूनमध्ये बियाण्याला पैसे लागले तेव्हा सात हजारांच्या आसपास विकला. तू हिशेब कर. तो भांडायला आला नाही. एक दिवस फळ्यासमोर उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "भाऊ, तारीख लिहीत जाजा."

त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: "डिसेंबरात इथे लिहिलेला कापसाचा भाव मागच्या हंगामातला होता. तपासला नाही. चूक माझी." आठ दिवस ते पुसलं नाही. बातमी जेवढ्या अक्षरात लिहिली होती, चूकही तेवढ्याच अक्षरात. तेव्हापासून भाव लिहायचा तर स्वतः बाजार समितीत फोन लावतो, आणि कापूस विकावा की ठेवावा यावर पिवळं कधी लिहीत नाही. ज्याचा कापूस त्याची खाज.

तिरकस लिहिण्याचं तू शहरातल्या लोकांकडून शिकू नकोस, आपल्याकडे ते पोळ्यात फुकट शिकवतात. तोरणाखाली बैल उभे असतात तेव्हा झडत्या, म्हणजे टोमण्याच्या तुकबंद ओळी, कशा होतात आठव. आधी देवाला नमन, मग सरळ वाटणारी एक ओळ, मग टोला, आणि लगेच सगळ्या गावाचं "हर हर महादेव". ज्याला टोला बसला तोही त्या गजरात असतो, न म्हणून सांगतो कोणाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून असं सांगतात. सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी जे छातीवर बसलं असेल त्याचे. गावभर मिरवायचं आणि जाळायचं. "घेऊन जा गे मारबत" म्हणताना माणूस बडग्याला शिव्या घालतो, शेजाऱ्याला नाही. माझी पिवळी ओळ मी या दोन्हींवरून घासून पाहतो. आधी नमन म्हणजे पांढरं, नंतर टोला, आणि तो बडग्याला.

२०२५ चा पोळा घे. २२ ऑगस्टला पोळा, आणि तीनच दिवस आधी, १९ तारखेपासून केंद्राने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केलेलं. पुढे ते डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. आपली पऱ्हाटी तेव्हा नुकती पात्या-फुलांवर. पांढऱ्यात तारखा आणि टक्का लिहिला, पिवळ्यात झडती:

"अकरा टक्के जकात गेली, बाहेरचा आला फुकट,
बैल म्हने मालकाले, तुह्याच मागं कटकट!"

ती संध्याकाळी तोरणाखाली म्हटली गेली, आणि म्हणणारा सत्तेतल्या पक्षाचाच पोरगा होता. फळ्यावर नाव कोणाचंच नव्हतं, त्यामुळे त्याला म्हणता आली.

माझी सगळ्यात जास्त गाजलेली ओळ मात्र सर्व्हरने दिली. सकाळपासून सातबाऱ्याचं संकेतस्थळ उघडेना. दुकानात पंधरा माणसं, समोर पडद्यावर पांढरं पान. मी बाहेर गेलो आणि लिहिलं: "आज सातबारा पाहिला. पूर्ण कोरा आहे. आश्वासन पाळल्याबद्दल आभार." अर्ध्या तासात फळ्याचे फोटो तालुक्याला पोचले. संध्याकाळी एक कार्यकर्ते आले, "हे आमच्यावर आहे." मी म्हटलं, "दादा, यात पक्ष कुठे आहे? सातबारा कोरा करायचं कोणी म्हटलं नाही ते सांगा, त्याचं नाव वगळतो." ते विचारात पडले. चहा पाजला. जाताना त्यांनीच फोटो काढून नेला, दुसऱ्या पक्षाला पाठवायला.

अंगावर येणाऱ्यांचं खरं कारण बहुतेकदा मजकूर नसतो, जागा असते. सरपंचाला मंत्रालयावरच्या टोल्याचं काही वाटत नाही, गावातल्या नालीवर ओळ आली की वाटतं. म्हणून गावाच्या बाबतीत माझा रिवाज वेगळा आहे. फळ्याच्या आधी घरी जातो. नालीचं आधी सरपंचाला तोंडी सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी फळ्यावर लिहिलं ते निव्वळ पांढऱ्याने. तारीख, किती दिवस तुंबली, बस. पिवळं लिहिलं नाही, ते डासांनी केलं. ज्याच्या दारावरून रोज जायचं त्याला चारचौघांत टोमणा मारून नाली निघत नाही, उलट तो मुद्दाम तुंबवून ठेवतो. आजारपण, कर्ज, लग्न मोडणं, आत्महत्या, कोणाची जात आणि कोणाची लेक, यावर पिवळं कधीच नाही. कोणी कितीही मजेदार सांगितलं तरी नाही. आचारसंहिता लागली की मी राजकारणावरचं पिवळं बंद करतो. त्या काळात लोणार सरोवर, उपग्रह, जुनी नाणी. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने ते मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे असल्याचं शोधलं. असल्या गोष्टी निवडणुकीसाठी राखून ठेवतो. लोकांनाही तेव्हा तेवढाच विसावा.

कायद्याचं थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, म्हणून "अपमानकारक पोस्ट टाकली" एवढ्यावर त्या कलमाखाली आता गुन्हा होत नाही. पण अफवा पसरवणं, दोन समाजांत तेढ लावणं, बदनामी, ही कलमं जागेवर आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की व्हॉट्सॲप गटातल्या सदस्याने काही टाकलं म्हणून, संगनमत नसेल तर, ॲडमिन दोषी ठरत नाही. आपल्याला त्याचा उपयोग नाही. फळ्याचा ॲडमिनही तूच आणि सदस्यही तूच.

तुझ्या फळ्याचा पहिला महिना नुसता पांढरा ठेव. लोकांना तारीख आणि ठिकाण वाचायची सवय लागू दे. एखाद्याने स्वतःहून येऊन "हे कुठलं आहे?" विचारलं की समजायचं पिवळा खडू काढायला हरकत नाही. फळ्याचं तोंड उत्तरेकडे ठेव, दक्षिणेकडे तोंड केलं तर दुपारी उन्हात चमकतो आणि वाचता येत नाही, ही चूक मी दोन वर्षं केली. पावसाळ्यात वर पत्र्याची झापड हवीच.

आणि खडू विकत घे. शेजारी शाळा आहे म्हणून गुरुजींकडून मागून आणू नकोस. पहिलं वर्ष मी शाळेचेच खडू वापरले. त्या वर्षी तिसरीच्या वर्गाचं छप्पर गळत होतं, पोरं दप्तर डोक्यावर धरून बसायची, आणि मी फळ्यावर मंगळावरच्या पाण्याबद्दल लिहीत होतो.